परदेशातला आरोपी किंवा साक्षीदार शोधताना लष्कराची मदत: पुण्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुणे, खडकी आणि देहूरोड या तीन छावण्या, लोहगावचा हवाई तळ, खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी (एनडीए), दापोडीचे लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालय (सीएमई), वानवडीचे सशस्त्र दलांचे वैद्यकीय महाविद्यालय (एएफएमसी) आणि कॅम्पातले दक्षिण कमांडचे मुख्यालय एवढे सगळे एकाच शहराभोवती आहे. त्यामुळे इथल्या पोलीस ठाण्यांतल्या गुन्ह्यांत आरोपी, साक्षीदार किंवा फिर्यादी गणवेशातला असणे नेहमीचेच. तो माणूस देशाबाहेर गेला की तपास अडतो आणि प्रश्न सुरू होतात. फिर्यादी, त्यांचे नातेवाईक, वकील आणि तपासी अंमलदार जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. कलमे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेची (पुढे नुसते ‘संहिता’) आणि लष्कर अधिनियम १९५० ची आहेत.

१. मिलिटरी पोलीस परदेशात जाऊन आरोपी पकडून आणू शकतात का?

नाही. परक्या देशात अटक करण्याचा अधिकार फक्त त्या देशाच्या पोलिसांना असतो. आपले मिलिटरी पोलीस असोत, वकिलातीतला संरक्षण सल्लागार असो की पुणे पोलिसांचे पथक, तिथे कोणाला ताब्यात घेणे तर सोडाच, परवानगीशिवाय जबाबही घेता येत नाही. अपवाद एकच: परदेशात तैनात असलेल्या आपल्याच तुकडीतला सैनिक. तो कुठेही असला तरी लष्कर अधिनियमाच्या अमलाखाली असतो आणि त्याचा कमांडिंग ऑफिसर त्याला लष्करी ताब्यात घेऊ शकतो (प्रश्न ११).

२. मग लष्कर नेमकी कोणती मदत करते?

माणूस सेवेत असेल तर तो कोणत्या युनिटात आहे, रजेवर आहे की मोहिमेवर, परत कधी येणार, हे युनिटला पक्के ठाऊक असते. युनिट त्याच्यावर समन्स बजावते, त्याला कोर्टात पाठवते, आरोपी असेल तर पोलिसांच्या हवाली करते. निवृत्त असेल तर त्याची शेवटची नोंद, मूळ गाव, वारसांची नावे, पेन्शन कुठल्या खात्यात जाते एवढे कागदोपत्री मिळू शकते.

सेवेत नसलेल्या किंवा कधीच सेवेत नव्हता अशा माणसाला शोधायला लष्कराकडे वेगळे असे काही साधन नाही. त्याचा मार्ग गृह मंत्रालय, सीबीआय आणि परराष्ट्र मंत्रालयातून जातो. ही सीमारेषा सुरुवातीलाच ओळखली नाही की चुकीच्या दारात महिने जातात, आणि तेवढ्यात साक्षीदाराची आठवणही पुसट होते.

३. मिलिटरी पोलीस, मिलिटरी इंटेलिजन्स, युनिट: अर्ज कोणाकडे करायचा?

समन्स, हजेरी, ताबा या सगळ्यासाठी युनिटचा कमांडिंग ऑफिसर. कायद्याच्या दृष्टीने तोच दरवाजा. लाल टोपीचे मिलिटरी पोलीस सैनिकाला प्रत्यक्ष शोधून आणणे, त्याला पोलिसांकडे सोपवताना सोबत जाणे, गणवेश किंवा ओळखपत्र खरे की खोटे हे तपासणे अशी कामे करतात. नागरिकांना अटक करण्याचा अधिकार त्यांना नाही.

मिलिटरी इंटेलिजन्सचे काम माहिती काढण्याचे. पुण्यात त्यांचे आणि पोलिसांचे एकत्र काम बऱ्याचदा दिसते. फेब्रुवारी २०२१ मध्ये लष्कर भरतीची प्रश्नपत्रिका फुटली आणि २८ फेब्रुवारीची परीक्षा रद्द झाली, तेव्हाही असेच झाले. पण तिथेही गुन्हा नोंदवणे आणि अटक करणे पोलिसांनीच केले. इंटेलिजन्सकडून मिळालेली माहिती हा तपासाचा धागा असतो, कोर्टातला पुरावा नव्हे. पुरावा तपासी अंमलदाराने स्वतंत्रपणे उभा करावा लागतो.

४. मी फिर्यादी आहे. युनिटला स्वतः फोन करून विचारले तर चालेल का?

फोनवर कोणी काही सांगणार नाही आणि सांगूही नये. सैनिकाची तैनाती ही सुरक्षेची बाब आहे. माहिती अधिकाराचा अर्जही बहुधा कलम ८ खाली नाकारला जातो. त्याचा फोटो आणि युनिटचे नाव समाजमाध्यमांवर टाकून ‘कोणी ओळखता का’ असे विचारणे तर मुळीच करू नका. त्याने तो सावध होतो, उद्या ओळख परेडवर बचाव पक्ष बोट ठेवतो आणि तुमच्यावरच तक्रार होऊ शकते.

तुमच्याकडे असलेली सगळी माहिती (जुनी पत्रे, लग्नपत्रिका, बँकेची स्लिप, कँटीन कार्डाची झेरॉक्स, गणवेशातला फोटो) तपासी अंमलदाराला लेखी द्या आणि पोच घ्या. तुमचे खरे बळ तिथे आहे.

५. युनिटला पाठवायच्या पत्रात काय काय असले पाहिजे?

सगळ्यात जास्त पत्रे इथेच अडकतात, म्हणून जरा विस्ताराने सांगतो.

पहिली गोष्ट ओळख. आर्मी नंबर, हुद्दा, पूर्ण नाव, युनिट, मूळ गाव आणि जन्मतारीख. ‘शिपाई जाधव, मराठा रेजिमेंट’ एवढ्यावर कोणी सापडत नाही. मराठा लाइट इन्फंट्रीत जाधव, पाटील, शिंदे किती असतील याची कल्पना करा. नंबर मात्र एकाच माणसाचा असतो आणि बदली झाली तरी बदलत नाही. शिपाई अधिकारी झाला तर नवा नंबर मिळतो, तेव्हा दोन्ही लिहावेत.

दुसरी गोष्ट गुन्हा. गुन्हा रजिस्टर नंबर, पोलीस ठाणे, कलमे, घटनेची तारीख आणि हा माणूस आरोपी आहे की साक्षीदार. हे शेवटचे हटकून राहून जाते. नुसते ‘चौकशीकामी पाठवावे’ असे लिहिले की युनिट त्याला आरोपी समजते, कायदेशीर सल्ला मागवते आणि पत्र वरच्या मुख्यालयाच्या फेऱ्या मारत राहते. साक्षीदार असेल तर ‘साक्षीदार म्हणून, संहितेच्या कलम १७९ प्रमाणे’ असे पहिल्याच ओळीत लिहा.

तिसरी गोष्ट मागणी. एका पत्रात एकच मागणी असावी: सद्य ठिकाण कळवा, किंवा समन्स बजावा, किंवा कागद द्या, किंवा ताबा द्या. ड्युटी रजिस्टर, रजेचा तक्ता, गेट रजिस्टर हवे असेल तर कलम ९४ ची वेगळी नोटीस काढा आणि तारखा नेमक्या लिहा. गेटची जुनी रजिस्टरे ठरावीक काळाने नष्ट केली जातात, त्यामुळे ही नोटीस पहिल्याच आठवड्यात गेली पाहिजे.

चौथी गोष्ट भाषा. पुण्यातल्या युनिटला मराठी पत्र चालून जाईल, पण नागालँड किंवा लडाखमधल्या ॲडज्युटंटला (युनिटचे कार्यालयीन काम पाहणाऱ्या अधिकाऱ्याला) ते वाचता येणार नाही. हिंदी किंवा इंग्रजी प्रत सोबत जोडा. एफआयआरचा गोषवारा त्याच भाषेत अर्ध्या पानात द्या.

सही पोलीस उपायुक्त किंवा अधीक्षक दर्जाची असेल तर उत्तर लवकर येते. ठाण्याच्या पत्रालाही कायद्याने तेवढेच वजन आहे, पण युनिटला खातरजमा करावी लागते. ठाण्याचा सरकारी ईमेल आणि दूरध्वनी लिहा. खासगी ईमेलवरून आलेल्या पत्राला युनिट उत्तर देत नाही, आणि तोतये किती फिरतात ते पाहता हे योग्यच आहे.

६. माझ्याकडे फक्त ‘द्वारा ५६ एपीओ’ असा पत्ता आहे. हा माणूस कुठे आहे?

या पत्त्यावरून ठिकाण कळत नाही, आणि तो बनवलाच त्यासाठी आहे. ५६ एपीओ आणि ९९ एपीओ ही लष्करी टपालाची सांकेतिक ठिकाणे आहेत. ५६ चे टपाल दिल्लीच्या आणि ९९ चे कोलकात्याच्या मध्यवर्ती टपाल कार्यालयातून पुढे जाते. सोबतचा ९ ने सुरू होणारा पिन युनिटशी जोडलेला असतो. समन्स या पत्त्यावर स्पीड पोस्टने जाते आणि पोहोचते, फक्त पाकिटावर सैनिकाचे नाव न घालता ‘कमांडिंग ऑफिसर’ असे लिहून युनिट आणि पिन घाला. सैनिकाच्या नावे पाठवलेले पाकीट त्याची बदली झाली की शेरा मारून परत येते. सी.ओ.च्या नावे गेलेले पत्र निदान नव्या युनिटकडे वळवले तरी जाते.

७. आर्मी नंबर किंवा युनिट काहीच माहीत नाही. सुरुवात कुठून करू?

जवान असेल तर त्याच्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसपासून. मराठा लाइट इन्फंट्रीचे बेळगावात, महार रेजिमेंटचे सागरला, तर बॉम्बे सॅपर्सचे आपल्या खडकीतच आहे. रेजिमेंट माहीत नसेल तर गणवेशातल्या फोटोतली टोपी, खांद्यावरचा पट्टा आणि बिल्ला पाहून जाणकार माणूस ती सांगू शकतो. इथे मिलिटरी पोलिसांचा खरा उपयोग होतो.

अधिकाऱ्यांचा पगार पुण्यातल्याच गोळीबार मैदानाजवळच्या पीसीडीए (ओ) कार्यालयातून निघतो, म्हणून कलम ९४ ची नोटीस तिथेही देता येते. माजी सैनिक असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातली नोंद बघा. निवृत्तीनंतर बरेच जण तिथे नाव घालतात आणि मुलांच्या शिष्यवृत्तीसाठी पत्ता अद्ययावत ठेवतात.

८. सेवेतल्या सैनिकावर समन्स कसे बजावायचे? घरी आईच्या हाती दिले तर?

सरकारी नोकरावरचे समन्स संहितेच्या कलम ६८ प्रमाणे दोन प्रतींत कार्यालयप्रमुखाकडे, म्हणजे इथे कमांडिंग ऑफिसरकडे जाते. तो बजावून एक प्रत सहीनिशी कोर्टाला परत पाठवतो. गावी आईच्या हाती दिलेल्या समन्सावर पुढे वाद होतो, कारण मुलगा घरी राहतच नसतो.

तारीख मागताना अंतर धरा. दुर्गम ठाण्यावरून जवानाला खाली यायलाच आठवडा लागतो, आणि बदली माणूस आल्याशिवाय त्याला सोडता येत नाही. शिवाजीनगरच्या किंवा लष्कर (कॅम्प) भागातल्या न्यायालयात तारीख घेताना सरकारी वकिलांनी हे न्यायाधीशांच्या लक्षात आणून द्यावे. नाहीतर पहिल्या गैरहजेरीतच वॉरंट निघते आणि ज्याची काही चूक नाही असा साक्षीदार दुखावला जातो.

९. तो सेवेत आहे, पण रजा घेऊन खासगी कामासाठी परदेशी गेला आहे. युनिटला पत्ता ठाऊक असेल का?

असतो. सेवेतल्या सैनिकाला देशाबाहेर जायला वेगळी परवानगी घ्यावी लागते. त्या अर्जात देश, तारखा, तिथला पत्ता आणि प्रवासाचे कारण असते. पासपोर्ट काढतानाही विभागाला कळवलेले किंवा विभागाचे ना-हरकत पत्र जोडलेले असते. म्हणून युनिटकडे ‘देशाबाहेरील रजेचा अर्ज आणि मंजुरी’ असे नाव घालून कागद मागा. रजा संपून तो परतला नाही तर प्रश्न १५ पाहा.

१०. आमच्या खटल्यातला महत्त्वाचा साक्षीदार संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत दक्षिण सुदानला आहे. थांबायचे का?

साक्ष कशाची आहे त्यावर ठरवा. भारतीय तुकड्या दक्षिण सुदान, काँगो, लेबनॉन, गोलन अशा ठिकाणी जातात आणि मोहिमेचा काळ साधारण वर्षभराचा असतो. पंचनाम्याचा पंच किंवा औपचारिक साक्षीदार असेल तर परतीपर्यंत क्रम मागेपुढे करून घ्या. त्याला मध्येच बोलावण्यासाठी लागणारा पत्रव्यवहार हाच बरेच महिने खातो. प्रत्यक्षदर्शी असेल, आरोपी तुरुंगात असेल, किंवा जामिनाचा निर्णय त्या साक्षीवर अवलंबून असेल तर थांबू नका, व्हिडिओद्वारे साक्ष मागा (प्रश्न १२).

पत्र त्याच्या मूळ युनिटला आणि लष्कर मुख्यालयातल्या शांतिसेनेचे काम पाहणाऱ्या विभागाला, दोन्हीकडे पाठवा. संयुक्त राष्ट्रांना थेट पाठवू नका. तुकडीतला जवान भारताच्याच हुकमतीखाली असतो, त्यामुळे त्याच्यापर्यंत जाण्यासाठी परक्या सरकारची गरज पडत नाही.

इथे एक बारकावा आहे. तुकडीतला सैनिक वेगळा, आणि लष्करी निरीक्षक म्हणून एकटा गेलेला वेगळा. दुसऱ्या प्रकारच्या व्यक्तीला संयुक्त राष्ट्रांच्या १९४६ च्या करारानुसार ‘मोहिमेवरील तज्ज्ञ’ म्हणून संरक्षण असते. मोहिमेच्या कामासंबंधी त्याची साक्ष हवी असेल तर ते संरक्षण उठवण्याचा अधिकार सरचिटणीसांचा. पुण्यात त्याने पूर्वी पाहिलेल्या अपघाताच्या साक्षीला त्याचा अडसर नाही, पण पत्रात हे स्पष्ट लिहावे, म्हणजे कोणी उगाच शंका काढणार नाही.

११. सैनिकाने परदेशातल्या मोहिमेवर असतानाच गुन्हा केला, तर पुणे पोलीस तपास करू शकतात का?

यजमान देशाशी झालेल्या करारानुसार तुकडीतल्या सैनिकावर फौजदारी अधिकार त्याच्या मायदेशाचाच असतो. म्हणून तपास बहुधा लष्करच करते आणि कोर्ट मार्शल भरते. एरवी नागरिकाचा खून, सदोष मनुष्यवध किंवा बलात्कार हे गुन्हे लष्कर अधिनियमाच्या कलम ७० प्रमाणे कोर्ट मार्शलच्या कक्षेबाहेर असतात. पण सैनिक प्रत्यक्ष युद्धसेवेत असेल, भारताबाहेर असेल किंवा सीमाचौकीवर असेल तर ही बंदी लागू नाही.

पीडित भारतीय असेल आणि पुण्यात फिर्याद द्यायची असेल तर संहितेचे कलम २०८ आहे: भारतीय नागरिकाने बाहेर केलेला गुन्हा इथे चालवता येतो. नव्या संहितेत गुन्हा जिथे नोंदला गेला ते ठिकाणही स्पष्टपणे धरले आहे. तपासाला केंद्राची पूर्वपरवानगी लागत नाही, खटला पुढे चालवायला लागते. ‘परवानगी आणा, मग एफआयआर’ असे ठाण्यात सांगितले गेले तर हा फरक दाखवून द्या.

१२. परदेशातून व्हिडिओवर साक्ष चालते का? बचाव पक्ष हरकत घेईल.

चालते. डॉ. प्रफुल्ल देसाई विरुद्धच्या महाराष्ट्र शासनाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्येच अमेरिकेतल्या डॉक्टरची साक्ष व्हिडिओद्वारे घ्यायला मान्यता दिली. आता संहितेच्या कलम ५३० मध्येही इलेक्ट्रॉनिक पद्धतीची तरतूद आहे.

अडते ते तपशिलात. परदेशातल्या साक्षीदाराजवळ समन्वयक लागतो आणि तो सहसा आपल्या वकिलातीतला अधिकारी असतो. साक्षीदाराची ओळख पटवणे, खोलीत दुसरे कोणी नाही हे पाहणे, कागद दाखवणे ही त्याची कामे. दाखवायची कागदपत्रे आधीच पाठवलेली हवीत, कारण उलटतपासात वकील अचानक ‘निशाणी अमुक पाहा’ म्हणाला आणि तिथे प्रत नसली तर दिवस वाया जातो. वेळेचा फरक लक्षात घ्या: पुण्यात सकाळचे अकरा वाजतात तेव्हा लेबनॉनमध्ये सकाळचे साडेसात-साडेआठ आणि न्यूयॉर्कमध्ये मध्यरात्र असते. छावणीतली इंटरनेट जोडणी आदल्या दिवशी त्याच वेळेला तपासून घ्या.

१३. आरोपी सैनिक आहे आणि परत आला आहे. पोलीस थेट अटक करू शकतात का, की लष्कर ‘आम्हीच चालवतो’ म्हणेल?

खासगी स्वरूपाच्या गुन्ह्यात अटक होऊ शकते. संहितेच्या कलम ४२ चे संरक्षण फक्त कर्तव्य बजावताना केलेल्या कृतीला आहे. हुंड्यासाठी छळ, फसवणूक, दारू पिऊन गाडी चालवणे यात ते लागू नाही. मात्र छावणीच्या आत शिरून अटक करू नका. सी.ओ.ला लेखी कळवा, युनिट माणूस हवाली करते. बाहेर अटक केली तर जवळच्या युनिटला लगेच कळवा.

खटला कुठे चालणार हे मग ठरते. गुन्हा दोन्हीकडे चालण्याजोगा असेल तर लष्कर अधिनियमाच्या कलम १२५ प्रमाणे स्वतंत्र ब्रिगेड, डिव्हिजन किंवा त्यावरच्या पातळीचा लष्करी अधिकारी निवड करू शकतो. दंडाधिकारी स्वतःहून खटला चालवायला घेणार असतील तर फौजदारी न्यायालय आणि कोर्ट मार्शल यांच्या अधिकारांबाबतच्या १९७८ च्या नियमांनुसार त्यांनी सी.ओ.ला नोटीस द्यायची आणि १५ दिवस दोषारोप ठेवायचा नाही. ही नोटीस राहून गेली तर वर्षभर चाललेला खटला मागे जाऊ शकतो. मतभेद झाला तर कलम १२६ प्रमाणे केंद्र सरकार ठरवते आणि तो निर्णय अंतिम. हवाई दलाच्या कायद्यात अशीच कलमे आहेत, फक्त क्रमांक वेगळे.

१४. माजी सैनिक आखातात सुरक्षारक्षकाची नोकरी करतो. लष्कर त्याला बोलावू शकते का?

नाही. निवृत्तीनंतर तो सामान्य नागरिक. पण माग काढायला जागा आहेत. पेन्शन घेत असेल तर दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो आणि परदेशातून तो वकिलातीमार्फत देता येतो, म्हणजे देश तर कळतो. दहावी न झालेल्यांचा पासपोर्ट बहुधा ‘ईसीआर’ प्रकारचा (ठरावीक देशांत कामाला जाताना सरकारी मंजुरी लागणारा) असतो. असा माणूस आखातात कामाला जाताना ई-मायग्रेट प्रणालीत नोंद होते आणि तिथे मालकाचे नाव असते. गावातल्या बँक खात्यात पैसे कुठून येतात यावरूनही माग लागतो. हे सगळे पोलिसांनी लेखी मागायचे. पुढे प्रश्न १६.

१५. आरोपी सैनिक रजेवरून परतलाच नाही, परदेशात पळाला. तो ‘भगोडा’ आहे, मग लष्कर रेड नोटीस काढेल ना?

इथे सगळ्यात जास्त गैरसमज आहे. ३० दिवस गैरहजर राहिल्यावर लष्कर अधिनियमाच्या कलम १०६ प्रमाणे कोर्ट ऑफ इन्क्वायरी होते आणि त्याला पळपुटा ठरवले जाते. त्याच्या मूळ जिल्ह्याच्या पोलिसांना तसे कळवले जाते. तो भारतात सापडला तर पोलीस त्याला पकडून लष्कराकडे देतात.

पण इंटरपोलच्या घटनेचे कलम ३ राजकीय, लष्करी, धार्मिक किंवा वांशिक स्वरूपाच्या बाबतीत काम करायला मनाई करते. नुसता पळपुटेपणा हा शुद्ध लष्करी गुन्हा, त्यावर नोटीस निघत नाही. प्रत्यार्पण करारांतही असे गुन्हे सहसा वगळलेले असतात. म्हणून पुण्यातला फसवणुकीचा किंवा खुनाचा गुन्हा हाच त्याला आणण्याचा आधार. विनंतीत पळपुटेपणाचा उल्लेख पार्श्वभूमी म्हणूनही करू नका, त्यामुळे अख्खी विनंती अडू शकते. तो ज्या गुन्ह्यासाठी आणला, त्याशिवाय दुसऱ्या गुन्ह्यासाठी खटला भरायचा तर ज्या देशाने दिला त्याची संमती लागते. लष्कराने नंतर पळपुटेपणासाठी त्याला घ्यायचे म्हटले तरी हाच नियम आडवा येतो.

१६. लुकआउट, ब्लू नोटीस, रेड नोटीस, एमएलए (परस्पर कायदेशीर साहाय्य): तपासी अंमलदाराने कोणता कागद कधी करायचा?

तो अजून देशात असण्याची शक्यता असेल तर आधी लुकआउट सर्क्युलर (देशाबाहेर जाताना अडवण्याची सूचना). पोलीस उपायुक्त किंवा अधीक्षकांच्या विनंतीवरून इमिग्रेशन ब्युरो ते उघडते. पासपोर्ट नंबर नसेल तर नाव, वडिलांचे नाव आणि जन्मतारीख बिनचूक हवी, नाहीतर त्याच नावाच्या भलत्याच माणसाला विमानतळावर अडवले जाते. पासपोर्ट कार्यालयाला पासपोर्ट कायद्याच्या कलम १०(३) खाली पासपोर्ट जप्तीसाठी वेगळे पत्र द्या.

देश सोडून गेला पण कुठे ते माहीत नाही: ब्लू नोटीस. ही ठावठिकाणा आणि ओळख विचारण्यासाठी असते, साक्षीदारासाठीही मागता येते. अटकच हवी: रेड नोटीस. त्यासाठी गुन्ह्याची कमाल शिक्षा किमान दोन वर्षे हवी आणि कोर्टाचे खुल्या मुदतीचे अजामीनपात्र वॉरंट हवे. ‘अमुक तारखेला हजर करा’ असे वॉरंट परत येते. भारताकडून हे काम सीबीआय पाहते आणि जानेवारी २०२५ पासून पोलिसांच्या विनंत्या भारतपोल पोर्टलवरून जातात. रेड नोटीस म्हणजे आंतरराष्ट्रीय अटक वॉरंट नव्हे. काही देश तिच्यावर अटक करतात, काही फक्त कळवतात.

जबाब, बँकेचे कागद, कॉल तपशील हवे असतील तर एमएलए विनंती किंवा कलम ११२ चे कोर्टाचे विनंतीपत्र. मसुदा आधी गृह मंत्रालयाला दाखवा, मग कोर्टात जा. परदेशातल्या व्यक्तीवर समन्स बजावायचे तर तारखेआधी किमान दहा आठवडे कागद मंत्रालयात पोहोचले पाहिजेत आणि तिथल्या भाषेतले प्रमाणित भाषांतर जोडलेले हवे.

१७. साक्षीदार नेपाळमधला निवृत्त गोरखा जवान आहे. तो आता पोखऱ्याजवळच्या गावी राहतो.

इथे लष्कराचा हात लांबवर पोहोचतो. गोरखा रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसात मूळ गावाची नोंद असते, आणि काठमांडू, पोखरा, धरान इथे भारतीय लष्कराची पेन्शन कार्यालये आहेत. ठिकाण कळणे आणि निरोप पोहोचणे एवढे यातून होते. तो स्वेच्छेने पुण्याला यायला तयार असेल तर व्हिसाची गरज नाही, येण्याजाण्याचा खर्च कोर्टाकडून मागता येतो. तयार नसेल तर पेन्शन कार्यालयाने दबाव आणायचा नाही. तो नेपाळचा नागरिक आहे आणि सक्ती तिथल्या कोर्टामार्फतच होते.

१८. एनडीएत शिकलेला परदेशी कॅडेट घटनेचा साक्षीदार होता. तो आता मायदेशी अधिकारी आहे.

प्रबोधिनीकडे पासपोर्ट आणि सेवा क्रमांक असतो, तो कलम ९४ ने मागा. बाकी रस्ता प्रश्न १६ चा. खरे तर तो पुण्यात असतानाच दंडाधिकाऱ्यांपुढे कलम १८३ चा जबाब करून घ्यायला हवा. अभ्यासक्रमाची शेवटची तारीख ठाऊक असते, तपासी अंमलदाराने ती पहिल्याच दिवशी केस डायरीत लिहावी.

१९. साक्षीदार अमेरिकी नौदलात आहे. एनसीआयएसला (त्या नौदलाच्या गुन्हे तपास संस्थेला) पुणे पोलीस थेट लिहू शकतात का?

अमेरिकेत ही पद्धत रुळलेली आहे. तिथल्या एखाद्या काउंटीच्या पोलिसांना हवा असलेला खलाशी योकोसुका, नेपल्स किंवा बहारीनच्या तळावर असेल तर एनसीआयएस त्याला शोधते, जबाब घेते. जवान असेल तर आर्मी सीआयडी. नाटो देशांत १९५१ च्या करारातले कलम ७ एकमेकांच्या तपासाला मदत बंधनकारक करते. भारताचा तसा करार नाही. आपल्यासाठी भारत-अमेरिका परस्पर कायदेशीर साहाय्य करार आहे, २००५ पासून लागू. विनंती गृह मंत्रालयातून अमेरिकी न्याय विभागाकडे जाते आणि ते पुढे नौदलाकडे वळवतात. नुसता ठावठिकाणा हवा असेल तर इंटरपोलचा मार्ग जलद.

२०. आरोपी ‘नेव्हीत’ आहे असे घरचे सांगतात, पण नौदल म्हणते आमच्याकडे नाही.

बहुतेक वेळा तो मर्चंट नेव्हीत असतो. तो खासगी नोकर. मुंबईच्या नौवहन महासंचालनालयाकडे त्याच्या सीडीसी (खलाशाचे सेवापुस्तक) आणि इंडॉस (खलाशांचा नोंदणी क्रमांक) यांची नोंद असते, त्यावरून भरती करणारी कंपनी आणि जहाज कळते. कराराचे महिने संपले की तो घरी येतो. लुकआउट सर्क्युलर इथे चांगले काम करते.

२१. तपासी अंमलदाराने परदेशातल्या आरोपीला व्हॉट्सॲपवर नोटीस पाठवली. ती वैध आहे का?

कलम ३५(३) ची पोलिसांची हजर राहण्याची नोटीस व्हॉट्सॲपवर बजावता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केले. ती न पाळल्याबद्दल अटक केली तर टिकणार नाही. कोर्टाच्या समन्सासाठी इलेक्ट्रॉनिक बजावणीची तरतूद संहितेत आहे, पण परदेशातल्या व्यक्तीसाठी मंत्रालयाचा मार्ग (प्रश्न १६) सोडू नका. काही देश परस्पर पाठवलेले समन्स आपल्या सार्वभौमत्वात ढवळाढवळ मानतात आणि मग पुढची मदतही अडते.

२२. सगळे करूनही आरोपी सापडत नाही. खटला असाच पडून राहणार का?

नाही, आणि हे फिर्यादींनी नीट समजून घ्यावे. कलम ८४ खाली त्याला फरारी घोषित करून घ्या आणि कलम ८५ ने मालमत्ता जप्त करा. सैनिकाची शस्त्रे, गणवेश आणि पगार जप्तीतून वगळलेले असतात, पण फ्लॅट, गावची जमीन, गाडी यांना ते संरक्षण नाही.

साक्षीदार म्हातारे होत असतील तर कलम ३३५ प्रमाणे आरोपीच्या गैरहजेरीत त्यांच्या साक्षी नोंदवून ठेवता येतात. दहा वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात फरारी घोषित झालेल्यावर कलम ३५६ प्रमाणे गैरहजेरीत पूर्ण खटलाही चालतो. त्यासाठी किमान ३० दिवसांच्या अंतराने लागोपाठ दोन वॉरंटे, ३० दिवसांत हजर व्हा अशी वर्तमानपत्रात जाहिरात, नातेवाइकाला कळवणे, घरावर आणि ठाण्यात नोटीस लावणे आणि दोषारोपानंतर ९० दिवस जाऊ देणे, हे सगळे नोंदीत दिसले पाहिजे. यातली एक पायरी चुकली तरी निकाल अपिलात उलटू शकतो, तेव्हा सरकारी वकिलांकडून प्रत्येक पायरीची प्रमाणित नक्कल मागून स्वतःच्या फाइलला लावा.